शिडाच्या बोटीवर पैसे कुठे ठेवाल?

पूर्व कॅरिबियनमध्ये शिडाची बोट घेऊन फिरताना सगळी रोकड एकाच जागी ठेवू नका. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशियात ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो (एका अमेरिकन डॉलरला 2.70, दर ठरलेला), शेजारच्या मार्टिनिकमध्ये मात्र युरो. लहान बेटांवर एटीएम असेलच असं नाही, त्यामुळे थोडी रोकड लागतेच.

बोटीच्या तळाशी, फळ्यांखाली पैसे लपवायचा मोह होतो. तिथे खारं पाणी झिरपतं आणि नोटांचा लगदा होतो. झिपच्या दोन पिशव्या एकात एक घालून मसाल्याच्या किंवा डाळीच्या डब्यात ठेवलेले बरे. चार्ट टेबलाचा (सागरी नकाशे बघायच्या टेबलाचा) खण आणि गादीखालची जागा चोर आधी बघतात. तिथे एक जुनं पाकीट, थोड्या नोटा आणि मुदत संपलेलं कार्ड राहू द्या. घाईतला चोर बहुधा तेवढ्यावर निघून जातो. लपवलेली जागा बोटीवरच्या आणखी एकाला माहीत हवी.

दोन वेगळ्या बँकांची कार्डं घ्या. एक बोटीवर, एक अंगावर, तेही वॉटरप्रूफ पाउचमध्ये, कारण डिंगीतून (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीतून) धक्क्यावर चढताना खिशातलं पाण्यात पडतं. भारतीय कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी ॲपमधून सुरू करा. ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालतंय ना, तेही घरीच तपासा. एटीएमने ‘रुपयांत रक्कम कापू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.