आंघोळीनंतरची तीन मिनिटं : थंडीत अंगाची खाज कशी घालवावी

नडगीवर नखाने एक रेघ ओढून बघा. पांढरीफटक रेघ उमटली आणि तशीच राहिली, तर पुढचं वाचाच. शाळेत असताना आम्ही अशीच एकमेकांच्या हातावर नावं लिहायचो. ज्याच्या हातावर अक्षर ठळक उठायचं, तो आज तेल न लावता आलाय हे सगळ्या वर्गाला कळायचं.

कोकणात हा त्रास त्या मानाने कमी. घाटावर, खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात मात्र डिसेंबर-जानेवारीत ओठ उलतात, टाचा फुटतात आणि रात्री पांघरुणात शिरलं की पोटऱ्यांना कंड सुटते. थंड हवेत मुळातच बाष्प कमी मावतं, त्यात उत्तरेकडचे वारे कोरडे. ही हवा कातडीतलं पाणी ओढून घेते. कातडीचा अगदी वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला स्निग्ध पदार्थांचा चुना. चुना निघाला की पाणी निसटतं आणि साधी लोकर घासली तरी खाज येते.

तेल कातडीला पाणी देत नाही. असलेलं पाणी ते अडवतं. कोरड्या ठणठणीत अंगावर दुपारी तेल चोळून फारसा फरक पडत नाही तो याचमुळे. आधी पाणी, मग तेल, हा क्रम सांभाळला तर महागड्या क्रीमचं फारसं काम उरत नाही. म्हणून सुरुवात मोरीपासून.

१. पाणी कोमट घ्या

कढत पाण्याने खाज त्या क्षणी थांबते, हे खरं. म्हणून तर सगळे ते घेतात! पण तेच पाणी विटांमधला चुना धुऊन नेतं आणि तासाभराने खाज दुपटीने परत येते. पाण्यात कोपर बुडवून बघा. ऊब वाटली पाहिजे, चटका नको. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरकायची. या बाबतीत शॉवरपेक्षा बादली-तांब्या बरा, बादली संपली की आंघोळ संपते. बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतायची सवय असेल तर थंडीपुरती तरी सोडा, त्यानेही कातडी कोरडी पडते.

२. साबण लागेल तिथेच

काखा, जांघा, पाय आणि जिथे खरोखर मळ आहे ती जागा. हातापायांना, पाठीला रोज साबण लागत नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. वेष्टनावरचा टीएफएमचा आकडा बघून बरेच जण साबण निवडतात. तो बघावा, पण त्यातून साबणात स्निग्धाम्लांचा अंश किती एवढंच कळतं. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान 76 टक्के लागतो. तरी साबण तो साबणच, अल्कधर्मी. फार त्रास असेल तर सामू 5.5 च्या आसपास असलेली, साबणविरहित वडी किंवा द्रव क्लेन्झर घ्या.

बोअरच्या जड पाण्याने आंघोळ करणाऱ्यांना साबण आणखी कमी हवा. त्या पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण जास्त घासतो, आणि क्षारांबरोबर साबणाची साय अंगावर बसते. शेवटचे दोन तांबे नुसत्या पाण्याचे, नीट.

उटण्याबद्दल बोललं की लोक रागावतात. अभ्यंगस्नानात आधी तेल जिरवतात, मग उटणं लावतात. बिनतेलाच्या, आधीच फुटलेल्या अंगावर रोज उटणं किंवा डाळीचं पीठ घासणं म्हणजे खरवडणंच. दिवाळीच्या दिवशी खुशाल लावा.

३. तीन मिनिटांच्या आत

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. पंचाने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. अंग ओलसर असतानाच, मोरीतून बाहेर पडायच्या आधी किंवा पडल्या पडल्या, तेल अथवा मलम लावा. आधी कपडे, चहा, पूजा आणि मग तेल असं केलंत तर अडवायला पाणीच शिल्लक राहत नाही. बाटली म्हणून मोरीतच ठेवावी. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं; बाटली गरम पाण्याच्या तांब्यात दोन मिनिटं उभी केली की काम झालं.

हात वरून खाली, केसांच्या दिशेने फिरवा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. आणि तेलकट पायांनी ओल्या फरशीवर चालू नका, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे दोनदा सांगा.

४. काय लावायचं, किती लावायचं

पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात सगळ्यांत पुढे. चिकट आहे, पण स्वस्त आहे आणि तिला वास नसतो. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. ते नुसतं न लावता गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात मिसळून लावायची आपल्याकडची जुनी पद्धत बरोबरच आहे, वरून तेलाचा हात फिरवला की उत्तम. खोबरेल चांगलं. मोहरीचं तेल आणि ऑलिव्ह तेल नाजूक, फुटलेल्या त्वचेला मानवत नाही, त्वचेचा वरचा थर त्यांनी आणखी कमकुवत होतो. सुगंधी लोशन टाळा, वास जितका छान तितकी ते झोंबण्याची शक्यता जास्त.

आता प्रमाण. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि तो दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी 20 ते 25 ग्रॅम लागतात. म्हणजे शंभर ग्रॅमची बाटली चार-पाच दिवसांत संपायला हवी. तुमची महिनाभर पुरत असेल, तर क्रीम वाईट नाही, तुम्ही ते लावतच नाही आहात! म्हणूनच साधं आणि मोठ्या डब्यातलं घ्या, हात आखडणार नाही.

रात्री झोपताना पोटऱ्या आणि हातांना पुन्हा एकदा लावा. लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती कपडा असू द्या. अंगाला मलम असेल तर शेकोटीच्या फार जवळ बसू नका, तेल मुरलेले कपडे चटकन पेटतात.

५. टाचा आणि ओठ

टाचांना वेगळी मेहनत लागते. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, वज्री हलक्या हाताने फिरवा, पुसून ओलसर टाचेला जाड थर द्या आणि सुती मोजे घालून झोपा. कोकणात आणि गोव्यात यासाठी कोकमाचं तेल असतं, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. ते कोकमाच्या फळातल्या बियांचं, वडीसारखं घट्ट. चमच्यात जरासं तापवून भेगेत सोडायचं. पण सोसवेल इतकंच गरम असू द्या, तापलेल्या तेलाने भेग भाजते. युरिया असलेलं मलमही टाचांच्या जाड कातडीला चांगलं, मात्र भेगेतून रक्त येत असेल तर ते फार झोंबतं. मधुमेह असलेल्यांनी वज्री, ब्लेड, गरम तेल यांतलं काही करू नये. भेग दिसली की डॉक्टरांना दाखवावी.

ओठांना जीभ लावू नका. तूप लावा.

६. तरी खाज सुटली तर

नखं बारीक कापा. गार पाण्यात भिजवून पिळलेला कपडा पाच मिनिटं ठेवा आणि लगेच वर मलम लावा. औषधांच्या दुकानात जाऊन नुसतं ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतं. दोन दिवस जादू होते, पुढे कातडी पातळ होते, आणि खाज गजकर्णाची असेल तर ते पसरतं आणि हट्टी होतं.

दोन आठवडे हे सगळं करूनही फरक नसेल, तर तो नुसता कोरडेपणा नसावा. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरूज असू शकते. गोल, कडेला लाल चट्टा गजकर्णाचा असू शकतो. अंगावर काहीच न दिसता सतत खाज येत असेल, तर थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत आणि साखर तपासावी लागते. पू, पाणी किंवा ताप असेल तर दोन आठवडेही थांबू नका. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि तेलाच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ ‘ती पांढरी, निळ्या टोपणाची होती’ एवढ्यातच जातो.