जुना कॅमेरा सापडला? त्याची किंमत घालवणाऱ्या या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांचा कॅमेरा निघतो आणि अर्ध्या तासात घरातलं कुणीतरी तो ब्रासोने घासून लख्ख करतं. खरं नुकसान तिथेच होतं. संग्राहकाला मूळचा रंग, मूळचं चामडं, मूळचे स्क्रू हवे असतात. लायका या जर्मन बनावटीच्या काळ्या कॅमेऱ्याच्या कडांचा रंग उडून खालचं पितळ दिसत असेल, तर दिसू द्या. नव्याने रंगवलात तर भाव पडतो. ब्लोअरने धूळ उडवा, मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि थांबा.

शटर अडकलं म्हणून शिलाई मशीनचं तेल तर मुळीच सोडू नका. एक सेकंदाचा स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) रेंगाळतो तो बहुधा आतलं जुनं वंगण सुकल्यामुळे. वरून सोडलेलं तेल पात्यांवर पसरतं आणि दुरुस्ती दुप्पट वाढते. झोर्की किंवा फेड हा सोव्हिएत कॅमेरा हाती आला तर आधी फिल्म पुढे ओढायची, मगच स्पीडची चकती फिरवायची. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

आता बुरशी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सगळ्यात जास्त कॅमेरे हिनेच खाल्ले. माझ्या काकांचा यशिकामॅट रत्नागिरीच्या घरात चामड्याच्या केसमध्ये, कपाटात जपून ठेवलेला होता. हीच चूक. चामडं ओल धरतं आणि बंद अंधारात बुरशी वाढते. टॉर्च लावून लेन्समध्ये पाहिलं तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. लेन्स उघडून साफ करून घेतली, धागे गेले, पण कोटिंगवर त्यांची नक्षी कायमची राहिली. केस वेगळी ठेवा (फेकू नका, तिलाही किंमत आहे) आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पुड्या पावसाळ्यात बदलत राहा. सेल आत असतील तर आजच काढा.

विकत घेणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक म्हणजे नकली लायका. सोन्याचा मुलामा, नाझी गरुडाची मोहोर, ‘दुर्मीळ युद्धकालीन’ अशी चिठ्ठी लावलेला कॅमेरा दिसला की हात आखडता घ्या. असे कितीतरी कॅमेरे मुळात सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतात, वरची अक्षरं नंतर कोरलेली. लेन्स काढा आणि आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा पाहा. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, फेड-झोर्कीत बहुतेक वेळा तिरकी, चपटी जीभ. एवढं पाहायला एक मिनिट लागतं, आणि विकणारा लेन्स काढू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

जुना म्हणजे दुर्मीळ, हा गैरसमजही सोडा. बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री कित्येक घरांत होता. त्याची माया मोठी, बाजारभाव थोडा. भाव बघताना लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, खरंच विकल्या गेलेल्या वस्तूंच्या बघा. ईबेवर तशी वेगळी यादी निघते.

आणि कॅमेऱ्यासोबतचे कागद रद्दीत घालू नका. 2022 च्या जूनमध्ये जर्मनीतल्या वेट्झलारला लायकाच्या झिरो सिरीजमधला 105 नंबरचा कॅमेरा 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. ही सिरीज 1923 च्या सुमाराची, चाचणीसाठी बनवलेल्या मोजक्या नगांची. त्यातही हा नग लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा, वापरलेला, वर त्यांचं नाव कोरलेला. कॅमेरा कुणाचा होता हे सिद्ध करता येणं इतकं मोलाचं असतं. म्हणून बिल, वॉरंटी कार्ड, डबा, लेन्सचं झाकण, त्याच कॅमेऱ्याने काढलेले फोटो, सगळं एकत्र बांधून ठेवा. घरात आजी असेल तर तो कुणी, कुठून, कोणत्या साली आणला हे तिला विचारा आणि सिरीयल नंबरासह एका कागदावर लिहून डब्यात घाला.