छातीचा एक्स-रे पहिल्याच एक्स्पोजरमध्ये नीट कसा काढावा

एक्स-रे विभागात छातीची फिल्म रोज निघते, दिवसातून अनेकदा निघते, आणि म्हणूनच ती सोपी वाटू लागते. डिजिटल यंत्रणेत फिल्मचा काळे-पांढरेपणा नंतर बदलता येतो. पण रुग्ण तिरका उभा होता, श्वास अर्धवट घेतला होता किंवा फुफ्फुसाचा खालचा कोपरा कापला गेला होता, तर संगणकावर त्याचे काहीच करता येत नाही. रिपीट म्हणजे त्याच माणसाला गरज नसताना दुसरा डोस. म्हणून इथे जास्त जागा बटण दाबण्याआधीच्या दोन-तीन मिनिटांना दिली आहे.

रुग्णाला आत बोलावण्याआधी

मागणीचा फॉर्म पूर्ण वाचा. ‘चेस्ट पीए’ (किरण पाठीकडून छातीकडे जातो ती नेहमीची फिल्म) एवढेच बघून कामाला लागू नका. डॉक्टरांना नेमके काय शोधायचे आहे ते पाहा. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल, तर रुग्णाला फिल्मआधी ५ ते १० मिनिटे सरळ बसवून ठेवावे लागते. सुटलेली हवा वर चढून डायफ्रॅमखाली (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली) जमली तरच ती दिसते. छातीत पाणी असेल तर त्याची पातळी दिसण्यासाठी रुग्ण उभा किंवा ताठ बसलेला हवा आणि किरण आडवा हवा. झोपलेल्या माणसात तेच पाणी पाठीमागे पसरते आणि फुफ्फुसावर नुसता धुरकटपणा दिसतो.

किरण सोडणारी ट्यूब चेस्ट स्टँडसमोर १८० सेंटिमीटरवर आणून ठेवा. एवढे लांब जाण्याचे कारण हृदयाचा आकार. पीए फिल्ममध्ये हृदय डिटेक्टरपासून (किरण पकडून चित्र बनवणाऱ्या पाटीपासून) साधारण ८ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर १८० सेंटिमीटरवरून ते सुमारे १.०५ पट मोठे दिसते. तोच रुग्ण पाठीवर झोपला, हृदय डिटेक्टरपासून १५ सेंटिमीटर दूर गेले आणि ट्यूब १०० सेंटिमीटरवर असली, तर ते जवळपास १.१८ पट होते. १३ सेंटिमीटरचे हृदय पहिल्या फिल्मवर १३.६ आणि दुसऱ्यावर १५.३ सेंटिमीटर भरते. हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी हा नियम पीए फिल्मसाठीच आहे.

स्टँडमधला ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, कोणत्या अंतरासाठी बनवला आहे ते त्याच्या लेबलवर लिहिलेले असते. १०० सेंटिमीटरचा ग्रिड १८० वर वापरला, तर फिल्मच्या दोन्ही कडा पांढुरक्या पडतात आणि ते आजारासारखे दिसू शकते.

ओळख आणि अंगावरच्या वस्तू

‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नका. ऐकू कमी येणारा किंवा घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ असे विचारा आणि दोन्ही गोष्टी फॉर्मशी व मॉनिटरवरच्या नावाशी ताडून घ्या. चुकीच्या नावावर गेलेली फिल्म एकाच वेळी दोन रुग्णांचे नुकसान करते. गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रीला गर्भाची शक्यता आणि शेवटच्या पाळीची तारीख एकांतात विचारा, नातेवाइकांसमोर नाही. ‘हो’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे उत्तर आले, तर पुढे काय करायचे ते रेडिओलॉजिस्टना विचारून ठरवा.

साखळी, हुक, सेफ्टी पिन, खिशातला फोन हे सगळ्यांच्या लक्षात असते. निसटतात त्या न दिसणाऱ्या वस्तू. छातीवर रुळणारी जाड वेणी फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर डागासारखी सावली टाकते, ओले केस तर जास्तच. वेणी वर बांधायला सांगा. कपड्यावरची रबरी छपाई, टिकल्या, अंगावर चिकटवलेल्या औषधाच्या पट्ट्या यांचीही सावली येते. हॉस्पिटलचा गाऊन सर्वांना द्यावा हा सरळ मार्ग.

उभे करणे

रुग्णाचा चेहरा आणि छाती स्टँडकडे, पाय थोडे फाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखे. हनुवटी वर उचलून स्टँडच्या वरच्या कडेवर टेकवा. खाली राहिली तर फुफ्फुसांची टोके जबड्याआड जातात. दोन्ही हातांचे पंजे उलटे करून कमरेवर ठेवायला सांगा आणि कोपरे पुढे ढकला, म्हणजे खांदे गोल होऊन स्टँडला टेकतात. असे झाले की खांद्यामागची पाती, म्हणजे स्कॅप्युला, फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. खांदे खालीही सोडायला सांगा. घाबरलेला माणूस ते कानाकडे ओढतो आणि मग क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालची आडवी हाडे, वर चढतात.

किरणाचा मध्य सातव्या छातीच्या मणक्यावर, म्हणजे स्कॅप्युलाच्या खालच्या टोकाच्या पातळीवर. पाठीला मांस जास्त असेल तर ते टोक हाताला लागत नाही. मानेच्या मुळाशी सर्वात वर आलेला मणका बोटाने शोधा आणि तिथून स्त्रियांमध्ये साधारण १८, पुरुषांमध्ये २० सेंटिमीटर खाली या. डिटेक्टरची वरची कड खांद्यांच्या ४ ते ५ सेंटिमीटर वर राहिली पाहिजे.

३५ × ४३ सेंटिमीटरची कॅसेट उभी लावायची सवय असते. रुंद छातीच्या माणसात मात्र फुफ्फुसे उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतात. तिथे उभ्या कॅसेटवर सीपी अँगल (फुफ्फुसाचा खालचा बाहेरचा कोपरा) हमखास कापला जातो. अशा वेळी कॅसेट आडवी करा. याउलट उंच, सडपातळ माणसात खालची कड तपासा. मोठे स्तन असतील तर ते वर आणि बाजूला करून मग स्टँडला टेकायला सांगा, नाहीतर फुफ्फुसांच्या तळावर दाट सावली पडते.

आता मागे जाऊन दोन्ही खांदे आणि कमरेची दोन्ही हाडे स्टँडपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते पाहा. फिल्म तिरकी येण्याचे मूळ बहुतेक वेळा पायांत असते. रुग्ण एका पायावर रेलतो, कंबर वळते, मागोमाग छाती वळते. नुसते खांदे दाबून सरळ केले तर हात काढताच तो पुन्हा वळतो. आधी पाय सरळ करा.

उजवी-डावी बाजू दाखवणारा मार्कर शिशाचाच लावा आणि एक्स्पोजरआधी लावा, प्रकाशाच्या चौकटीत पण फुफ्फुसाबाहेर. नंतर संगणकावर टाकलेले अक्षर म्हणजे तुमची आठवण. हृदय उजवीकडे असलेला रुग्ण आला की ही आठवण धोका देते: फिल्म उलटी आली आहे असे समजून कोणीतरी ती ‘सरळ’ करते आणि उजवे-डावे बदलून जाते.

श्वास

पहिल्या श्वासाला माणूस क्वचितच पूर्ण छाती भरतो. म्हणून दुसऱ्या श्वासावर फिल्म घ्यायची. आत जाण्याआधी एकदा सराव करून घ्या: ‘मोठा श्वास घ्या. सोडा. आता पुन्हा घ्या, आणखी घ्या, धरा.’ सराव करताना छातीकडे बघा. काही जण श्वास धरताना खांदे उचलतात, काही तोंड मिटतात पण नाकाने सोडत राहतात. भाषा कळत नसेल तर स्वतः करून दाखवा.

श्वास कमी पडला तर डायफ्रॅम वर राहतो, हृदय आडवे पसरून मोठे दिसते आणि खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या एकमेकींजवळ दाटतात. हे चित्र न्यूमोनियासारखे किंवा हृदय थकल्यासारखे दिसते. एका अर्धवट श्वासामुळे रुग्णाच्या मागे नको ते उपचार लागू शकतात.

एक्स्पोजर

ग्रिडसह ११० ते १२५ केव्हीपी (ट्यूबचे व्होल्टेज). एवढ्या व्होल्टेजला बरगड्या फिकट होतात आणि त्यांच्यामागचे फुफ्फुस दिसते. एक्स्पोजरचा वेळ २० मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवा, कारण श्वास धरता येतो, हृदय थांबत नाही.

ऑटोमॅटिक एक्स्पोजर वापरत असाल तर बाजूचे दोन चेंबर, म्हणजे किरण मोजणारे भाग, निवडा. मधला निवडला तर त्याच्यासमोर मणका आणि हृदय येते, यंत्र जास्त वेळ किरण सोडते आणि डोस उगाच वाढतो. रुग्ण एका बाजूला सरकला आणि चेंबर उघडा राहिला, तर उलटे होते: थेट किरण चेंबरवर पडून यंत्र लगेच बंद होते आणि फिल्म दाणेदार येते. चेंबरसमोर पेसमेकर आला तरी मोजणी फसते.

बटणाचे दोन टप्पे असतात. पहिल्या दाबाला अ‍ॅनोड फिरू लागतो, दुसऱ्याला किरण सुटतात. ‘आता पुन्हा घ्या’ म्हणताना पहिला टप्पा दाबा आणि काचेतून छाती पूर्ण फुगून थांबलेली दिसली की दुसरा. पहिला टप्पा दाबून वाट पाहत राहिलात तर फिलामेंट आणि बेअरिंग झिजतात. आणि शेवटी ‘आता श्वास सोडा’ म्हणायला विसरू नका. म्हाताऱ्या माणसांना त्या धरलेल्या श्वासात चक्कर येते.

फिल्म पाहताना

रुग्णाला कपडे घालायला सांगण्याआधी फिल्म बघा. दोन्ही सीपी अँगल आणि दोन्ही टोके आली का? उजव्या बाजूला डायफ्रॅमच्या वर मागच्या बाजूच्या १० बरगड्या मोजता येतात का? प्रत्येक क्लॅव्हिकलचे आतले टोक मणक्याच्या मध्यरेषेपासून सारखे दूर आहे का? पीए फिल्ममध्ये ज्या बाजूचे टोक मणक्यावर चढलेले असते, ती बाजू डिटेक्टरला जास्त टेकलेली होती. रिपीट करावाच लागला तर आता कुठे वळवायचे, हे त्यावरूनच कळते. कारण न ओळखता काढलेला रिपीट पहिल्यासारखाच येतो.

मग डिव्हिएशन इंडेक्स बघा. शून्य म्हणजे ठरवलेल्या एक्स्पोजरइतके. +३ म्हणजे जवळपास दुप्पट, −३ म्हणजे निम्मे. डिजिटल डिटेक्टरवर जास्त एक्स्पोजरची फिल्म सुंदर दिसते आणि कमी एक्स्पोजरची दाणेदार, त्यामुळे हळूहळू सगळेच एमएएस (किरणांचे प्रमाण) वाढवत नेतात आणि ते डोळ्यांना कळत नाही. आकडा मात्र लगेच सांगतो. +३ आलेली पण नीट वाचता येणारी फिल्म रिपीट करायची नाही. डोस देऊन झालेला आहे, पुढच्या रुग्णासाठी सेटिंग सुधारायचे. किंचित तिरकी फिल्मही प्रश्नाचे उत्तर देत असेल तर रेडिओलॉजिस्टना दाखवून मगच ठरवा.

लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेली फिल्म, मागितली असेल तर डावी बाजू डिटेक्टरला, म्हणजे हृदय जवळ राहते. हात डोक्यावर, हनुवटी वर.

पोर्टेबल

वॉर्डात आणि आयसीयूत पलंगाजवळ नेलेल्या यंत्रावर जमेल ते सगळे करूनही फिल्म पीएसारखी होत नाही. म्हणून फिल्मवर लिहायचे: एपी (किरण पुढून मागे), बसून की झोपून, अंतर किती, किती वाजता काढली. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फिल्मची तुलना करणाऱ्या डॉक्टरांना या नोंदीशिवाय हृदय वाढले की ट्यूब जवळ आली, हे कळायला मार्ग नसतो.

पलंगाची डोक्याकडची बाजू शक्य तेवढी वर करा आणि रुग्ण खाली घसरला असेल तर नर्सच्या मदतीने वर ओढून घ्या. अशा वेळी घशातली नळी, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), छातीतली ड्रेन यांवर एका माणसाने लक्ष ठेवलेच पाहिजे. ईसीजीच्या वायरी नर्सला विचारून छातीवरून बाजूला घ्या. डिटेक्टर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठीखाली सरकवा, दर रुग्णानंतर पुसा. श्वासाची नळी तपासायची असेल तर श्वासनलिका जिथे दुभंगते तो भाग स्पष्ट हवा; पोटात गेलेली नळी बघायची असेल तर प्रकाशाची चौकट खाली घेऊन पोटाचा वरचा भाग आत घ्या.

ट्यूब रुग्णाच्या पायांकडे थोडी कलती ठेवा, साधारण ५ अंश, म्हणजे किरण छातीच्या पुढच्या हाडाला काटकोनात पडतो. असे केले नाही तर क्लॅव्हिकल वर उडून टोकांवर येतात. ग्रिड लावला असेल आणि डिटेक्टर गादीत एका बाजूला खचला असेल तर अर्धी छाती पांढरट येते. गादी मऊ असेल तर ग्रिड काढून ८० ते ९० केव्हीपीवर काम करणे बरे. अंतर १०० वरून १२५ सेंटिमीटर केले तर एमएएस सुमारे दीडपट करावा लागतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात मॉनिटरकडे नव्हे, छातीकडे बघून श्वास भरल्याच्या क्षणी बटण दाबा.

स्वतःसाठी

पोर्टेबलची वायर निदान १.८ मीटर ताणून उभे राहा, अंगावर लेड अ‍ॅप्रन, किरणाच्या दिशेला काटकोनात. अंतर दुप्पट केले की डोस चौथाई होतो. बटण दाबण्याआधी ‘एक्स-रे’ असे मोठ्याने सांगा आणि बाजूच्या लोकांना हलायला वेळ द्या. रुग्णाला धरून ठेवायची वेळ आली तर ते काम तंत्रज्ञाने करायचे नाही. गरोदर नसलेल्या नातेवाइकाला अ‍ॅप्रन घालून, किरणाच्या चौकटीबाहेर हात ठेवून धरायला सांगा.

किरणांसोबत काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (डोसचे एकक) आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. नीट काम करणारा तंत्रज्ञ त्याच्या खूप खाली राहतो, पण ते डोस मोजणारा बॅज घातला तरच कळते. बॅज अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. सुटी असताना तो नियंत्रण कक्षात ठेवा, एक्स-रे खोलीत टांगलेल्या कोटाला नाही. अ‍ॅप्रन घडी घालू नका, खुर्चीवर फेकू नका. घडीवर आतले शिसे तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. ते हँगरवर लटकवा आणि वर्षातून एकदा फ्लुओरोस्कोपीखाली (चालू एक्स-रे चित्राखाली) धरून भेगा तपासा.