व्याजदर, मिनिमम ड्यू, नॉमिनी: बँकेचे शब्द अर्धवट समजल्याने होणाऱ्या या चुका टाळा

कर्ज घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: व्याजदर किती? तो दर कोणत्या रकमेवर लागणार, हे विचारायचं राहून जातं आणि सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात.

१० टक्के ऐकून सही करणे

१ लाख रुपये, ३ वर्षं, व्याज १० टक्के. हा दर ‘फ्लॅट’ असेल तर तिन्ही वर्षं पूर्ण १ लाखावर व्याज धरलं जातं. व्याज ३०,००० रुपये आणि हप्ता साधारण ३,६११ रुपये होतो. तोच १० टक्के दर ‘रिड्यूसिंग बॅलन्स’, म्हणजे घटत्या मुद्दलावर असेल, तर हप्ता साधारण ३,२२७ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १६,१६० रुपये. दर तोच असून व्याजात जवळपास दुपटीचा फरक पडतो. याचं कारण असं की तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता, पण फ्लॅट हिशेबात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज आकारलं जातं.

एजंटने सांगितलेला दर खरा किती पडतो, ते एक्सेलमध्ये पाहता येतं. ‘रेट’ हे फंक्शन उघडा. हप्त्यांची संख्या ३६, हप्ता उणे ३६११ आणि कर्जाची रक्कम १००००० भरा. येणाऱ्या उत्तराला १२ ने गुणा. वरच्या उदाहरणात ते सुमारे १७.९ टक्के येतं. हप्त्याच्या आकड्यापुढचं उणे चिन्ह राहिलं तर एरर येते.

याहून सोपी वाट म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागणे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ कर्जांसाठी हे पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात ‘एपीआर’ म्हणजे वार्षिक टक्केवारी दर दिलेला असतो. प्रोसेसिंग फी, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा असे खर्च त्यात धरलेले असतात. दोन कर्जांची तुलना करायची तर एपीआरचीच करा. जाहिरातीतल्या आकड्यांवरून ती होऊच शकत नाही.

मिनिमम ड्यू भरला म्हणजे बिल भागलं असं मानणे

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात: टोटल ड्यू म्हणजे पूर्ण देणं आणि मिनिमम ड्यू म्हणजे किमान भरायची रक्कम. मिनिमम ड्यू भरल्याने उशिराचा दंड टळतो आणि खातं थकीत दिसत नाही. व्याज मात्र सुरू होतं.

समजा बिल ४०,००० रुपयांचं आहे आणि ५ टक्क्यांप्रमाणे मिनिमम ड्यू २,००० रुपये येतो. तेवढेच भरले. उरलेल्या ३८,००० रुपयांवर महिना ३.५ टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज लागतं, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे २३९ रुपये. म्हणजे भरलेल्या २,००० पैकी जेमतेम ४३० रुपयांनी देणं कमी झालं. शिवाय बिनव्याजी मुदत संपते. व्याज खरेदीच्या तारखेपासून धरलं जातं आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. ‘बिल तर वेळेवर भरतो, तरी व्याज का लागतंय?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच असतं.

यात अडकला असाल तर त्या कार्डावर नवी खरेदी आधी थांबवा. मग उरलेली रक्कम ईएमआयमध्ये बदलून घ्या किंवा कमी दराचं वैयक्तिक कर्ज काढून कार्ड एकदम भरून टाका. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. तिथे बिनव्याजी दिवस नसतातच, वर शुल्कही लागतं.

‘सेटलमेंट’ला कर्ज फिटणं समजणे

थकीत कर्जावर बँक कमी रकमेत मिटवायला तयार होते आणि लोक सुटलो म्हणतात. क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, मात्र त्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढचं कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा घेतो. जमेल तेव्हा बँकेशी लेखी बोलून उरलेली रक्कम भरा, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि शेरा ‘क्लोज्ड’ झाला का ते अहवालात तपासा. हा अहवाल बनवणाऱ्या सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

नॉमिनी म्हणजे वारस असं धरून चालणे

बँक खात्यातला नॉमिनी वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. घरात भांडणं लागतात ती याच गैरसमजातून. त्यामुळे नॉमिनेशन हवंच, पण पैसे एका विशिष्ट व्यक्तीलाच मिळावेत अशी इच्छा असेल तर मृत्युपत्रही करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात. एकाच वेळी अनेक नेमले तर प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहावा लागतो आणि बेरीज १०० यावी लागते.

संयुक्त ठेवीत आणखी एक अडचण येते. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहिलेला) लिहिलेलं आहे म्हणून एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल, असं लोक समजतात. तशी वेगळी लेखी सूचना आधी दिलेली नसेल तर बँक दिवंगताच्या वारसांची संमती मागते. ठेव ठेवतानाच दोघांच्या सहीने ती सूचना देऊन ठेवा. घरात एवढं एक काम जरी केलंत तरी पुढची बरीच धावपळ वाचेल.

पतसंस्था आणि बँक एकच मानणे

महाराष्ट्रात ही गल्लत फार होते. डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा ठेव विमा बँकांना असतो आणि त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाहीत, काउंटर आणि पासबुक बँकेसारखं असलं तरी. विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपये आहे. ती सगळ्या शाखांतली खाती मिळून आणि व्याजासह धरली जाते. म्हणून बरोबर ५ लाखांची ठेव ठेवली तर व्याज विम्याबाहेर राहतं. ७ टक्के दराने वर्षभरासाठी साडेचार लाख ठेवले तर सगळी रक्कम मर्यादेत बसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. विम्याची मर्यादाही त्या वेळी १ लाखच होती.

टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही?

एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं ठेवींवरचं व्याज वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत (ज्येष्ठांना १ लाखापर्यंत) असेल तर टीडीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घ्यायचा कर, कापला जात नाही. तरीही ते व्याज उत्पन्नात दाखवावंच लागतं. उलट कर लागतच नसताना टीडीएस कापला गेला, तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. खात्याला पॅन जोडलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात.

पैसे अडकले किंवा चुकीच्या खात्यात गेले

आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप केल्याने खातं जोडलं जात नाही. खाते क्रमांक चुकणं मात्र महागात पडतं, कारण रक्कम क्रमांक पाहून जमा होते, नाव पाहून नाही. पाठवण्याआधी नेट बँकिंगमध्ये लाभार्थीचं नाव पडताळून घ्या, ही सोय आता एनईएफटी आणि आरटीजीएसलाही आहे.

यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराचे किंवा एटीएममधून न निघालेले असतील तर पाच दिवसांत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि तक्रार लेखीच करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. कुणी फसवून पैसे काढले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि लगेच बँकेला कळवा.