‘आय फ्राइटन’ म्हणजे ‘मी घाबरते’ नव्हे

एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे, आणि उत्तर चुकलं की अर्धा गुण जातो. हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे वेळापत्रक, पुस्तकांची यादी वगैरे मी सांगत बसत नाही. एकाच क्रियापदाबद्दल लिहिते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांचे पाय हमखास त्यातच अडकतात. माझेही बरेच दिवस अडकले होते. ते क्रियापद म्हणजे ‘फ्राइटन’.

स्पेलिंग आधी उरकू. एफ-आर-आय-जी-एच-टी आणि पुढे ई-एन. मधले जी-एच मुके. ‘लाइट’, ‘नाइट’ लिहिता येत असेल तर ‘फ्राइट’ येतंच. शेवटच्या ई-एनकडे मात्र नीट बघा. ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे बळ, ‘स्ट्रेंग्थन’ म्हणजे बळ देणे. तसंच ‘फ्राइट’ म्हणजे भीती आणि ‘फ्राइटन’ म्हणजे भीती घालणे. घाबरणे नाही, घाबरवणे.

आता म्हणाल, एवढंच ना? एवढंच असतं तर लिहायला बसले नसते.

‘मी कुत्र्याला घाबरते’ हे वाक्य घ्या. मी म्हणजे ‘आय’, कुत्र्याला म्हणजे ‘द डॉग’, घाबरते म्हणजे ‘फ्राइटन’. जुळवलं की झालं ‘आय फ्राइटन द डॉग’. व्याकरणात काही खोट नाही, म्हणून कानाला खटकतही नाही. पण अर्थ झाला ‘मी कुत्र्याला घाबरवते’. मराठीत एका ‘व’चा फरक, आणि कोण कुणाला भ्यायलं ते पार उलटं.

क्लासमध्ये आम्हाला युक्ती शिकवली होती: ‘ला’ दिसला की ते ऑब्जेक्ट. ही युक्ती भीतीच्या वाक्यांत साफ आपटते. ‘मी कुत्र्याला घाबरते’ यात ‘ला’ आहे भीती घालणाऱ्याला. ‘मला कुत्र्याची भीती वाटते’ यात तोच ‘ला’ आला भिणाऱ्याला. ‘मी कुत्र्याला घाबरवते’ यात पुन्हा भिणाऱ्यालाच, पण आता भिणारा कुत्रा. मग कसला ‘ला’ आणि कसलं ऑब्जेक्ट! स्पष्ट सांगते, पेठांमधल्या क्लासांच्या असल्या युक्त्या दहा वाक्यांत चालतात आणि अकराव्यात गळा कापतात, आणि पेपर काढणाऱ्याला ते अकरावं वाक्य बरोबर माहीत असतं.

त्यापेक्षा दर वेळी एकच प्रश्न विचारा: भीती कुणाच्या पोटात आहे? भीती कर्त्याच्या पोटात असेल तर ‘फिअर’ आणि ‘ड्रेड’. कर्ता दुसऱ्याच्या पोटात भीती घालत असेल तर ‘फ्राइटन’, ‘स्केअर’, ‘टेरिफाय’. कर्ता स्वतःच घाबरलाय आणि तरी ‘फ्राइटन’च वापरायचं असेल, तर आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’ यांपैकी काहीतरी आणि पुढे ‘फ्राइटन्ड’ हवं. ‘द डॉग फ्राइटन्ड मी’ किंवा ‘आय वॉज फ्राइटन्ड’. ‘आय फ्राइटन्ड’ एवढ्यावर थांबलात तर वाचणारा विचारणार, कुणाला?

आता चूक ओळखण्याचा प्रश्न. ‘द चाइल्ड फ्राइटन्ड ऑफ द डार्क अँड रिफ्यूज्ड टू स्लीप अलोन.’ चूक आहे, ‘फ्राइटन्ड’च्या आधी ‘वॉज’ हवा. हे जमलं की आपण खूश. मग पुढचं वाक्य येतं: ‘द चाइल्ड, फ्राइटन्ड ऑफ द डार्क, रिफ्यूज्ड टू स्लीप अलोन.’ नुकताच नियम शिकलेला हात लगेच ‘वॉज’ घालायला जातो. इथे काहीही चुकलेलं नाही! वाक्याचं क्रियापद ‘रिफ्यूज्ड’ आहे, आणि ‘फ्राइटन्ड’ नुसतं मुलाचं वर्णन करतंय, ‘अंधाराला घाबरलेलं मूल’ म्हणतो तसं. दोन वाक्यांतला फरक फक्त ‘अँड’चा आणि दोन स्वल्पविरामांचा. ‘अँड’ने दोन क्रियापदं जोडली, म्हणजे दोन्ही बाजूंना खरीखुरी क्रियापदं हवीत. ही जोडी वहीत लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगा. सांगताना जिथे अडखळाल तिथे तुमचं अजून कच्चं आहे.

घाबरू नका मात्र. ही गाठ एकदा सुटली की ‘सरप्राइज’, ‘बोअर’, ‘कन्फ्यूज’, सगळी त्याच रांगेत उभी राहतात. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारे आपण सगळेच एकेकाळी होतो.

‘अफ्रेड’ला क्रियापद समजू नका. ‘आय डोन्ट अफ्रेड’ नाही, ‘आय ॲम नॉट अफ्रेड’. स्पेलिंगमध्ये एफ एकच. हा शब्द ‘अफ्रे’ या जुन्या क्रियापदाचं भूतकालवाचक रूप होता, आता नुसतं विशेषण उरलंय. तेही नामाच्या आधी सहसा बसत नाही. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ नाही, ‘अ फ्राइटन्ड चाइल्ड’. पुढे ‘टू’ की ‘ऑफ’? आपण स्वतःहून करायच्या गोष्टीला दोन्ही चालतात: रस्ता ओलांडायला भिते, ‘अफ्रेड टू क्रॉस’. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीला ‘ऑफ’च: पडण्याची भीती, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’.

नोकरीला लागल्यावर वेगळीच मजा. परदेशी क्लायंटचा मेल येतो, ‘आय ॲम अफ्रेड वी कान्ट ॲक्सेप्ट धिस’. तो कशालाही भ्यालेला नसतो, ‘माफ करा, पण’ एवढंच म्हणत असतो. धीर देणारं उत्तर पाठवू नका.

‘फिअर’ला सहसा आय-एन-जी लावू नका. ‘मला भीती वाटतेय’ यावरून आपण सर्रास ‘आय ॲम फिअरिंग’ म्हणतो, पेपरात ते चूक धरतात. ‘ड्रेड’ म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती. त्यातला ई-ए ‘ब्रेड’सारखा उच्चारायचा आणि पुढच्या क्रियापदाला आय-एन-जी: ‘आय ड्रेड गोइंग देअर’. ‘आय ड्रेड टू थिंक’ हा एक अपवाद पाठच करा. आणि ‘लेस्ट’ दिसला, म्हणजे ‘न जाणो असं झालं तर’ या अर्थाने, की परीक्षेत पुढे ‘शुड’ शोधा. त्यात ‘नॉट’ नसतो, कारण नकार ‘लेस्ट’मध्येच आहे.

मार्गदर्शकाबद्दल विचाराल तर माझं मत कडवट आहे. रोज पन्नास शब्द पाठ करून घेणाऱ्यापेक्षा तुमच्या एका वाक्यावर पाच मिनिटं भांडणारा माणूस शोधा. अभ्यासिकेत असा एखादा असतोच, बहुधा कोपऱ्यात बसलेला आणि जरा खडूस. तोही नसेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली डिक्शनरी घ्या. शब्दापुढे काय येतं हे तिच्यात वाक्यांसकट दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी शब्दयादीत नुसतं ‘घाबरणे’ छापलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

‘स्केअर्ड’ लिहिताना आर एकच. दोन आर घातलेत तर ते ‘स्कार्ड’ होतं, म्हणजे व्रण उरलेला. स्पेलचेक दोन्ही शब्द बिनतक्रार सोडून देतो.