ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असे नाही : उपचारात आणि डासनियंत्रणात या चुका टाळा

डेंग्यूचे निदान झाले, की घरात दोनच आकड्यांची विचारपूस सुरू होते : ताप किती आणि प्लेटलेट किती. तापाच्या रुग्णांमध्ये वर्षानुवर्षे काढल्यानंतर आणि पुढे डासनियंत्रणाच्या पथकांबरोबर घरोघर हिंडल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या आजारात माणसे घाबरतात तीही चुकीच्या वेळी आणि निर्धास्त होतात तीही चुकीच्याच वेळी. डेंग्यूच्या विषाणूला मारणारे औषध अजून उपचारात आलेले नाही. बहुसंख्य रुग्ण विश्रांती, भरपूर द्रवपदार्थ आणि पॅरासिटामॉल एवढ्यावर बरे होतात. उपचार म्हणजे प्रामुख्याने लक्ष ठेवणे, आणि उतावळ्या माणसांना नेमके तेच काम सर्वांत जड जाते.

ताप उतरताच पहारा उठवणे

ही चूक मी सर्वांत वर ठेवतो, कारण रुग्ण हातचा जातो तो बहुधा इथेच. डेंग्यूचा ताप साधारणपणे २ ते ७ दिवस टिकतो. अंग मोडून येते, डोळ्यांच्या मागे ठणकते, अन्नावरची वासना जाते, आणि रुग्ण पाहवत नाही इतका आजारी दिसतो. तरीही हा टप्पा तुलनेने कमी धोक्याचा असतो. कसोटीचा काळ ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, सुरू होतो आणि पुढे २४ ते ४८ तास चालतो. या काळात काही रुग्णांच्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, पोटाच्या आणि छातीच्या पोकळीत उतरतो. बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नसताना रक्तवाहिन्यांतले द्रव घटत जाते, उरलेले रक्त दाट होते आणि रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत, जाऊ शकतो.

एक तरुण मला चांगला आठवतो. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा ताप उतरलेला होता आणि तो अंथरुणात बसून बोलत होता. प्लेटलेट ९० हजार होत्या, आणि तेवढ्यावर घरच्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्याच अहवालात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, पहिल्या तपासणीतल्या ४० वरून ४९ वर गेले होते, पण त्या रकान्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. हे प्रमाण मूळ आकड्याच्या २० टक्के किंवा अधिक वाढले, तर रक्तद्रव पाझरत आहे असे समजावे. पोट दुखते का, असे मी विचारल्यावर त्याने उजव्या बरगड्यांखाली हात ठेवला, आणि शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या भावाने परस्पर उत्तर दिले, "काही नाही डॉक्टर, रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यात, पित्त झालंय. ताप नाही, प्लेटलेट ठीक आहेत, मग उगाच कशाला ठेवून घेता?" समजावून झाले, रकाना दाखवून झाला. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याची सही करून ते त्याला घरी घेऊन गेले.

रात्री त्याला परत आणले तेव्हा तो शुद्धीवर होता आणि विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरे देत होता, त्यामुळेच घरच्यांना तो संध्याकाळभर नुसता दमलेला वाटला होता. हातपाय मात्र गार आणि दमट लागत होते, नख दाबून सोडल्यावर त्याचा गुलाबी रंग परतायला वेळ लागत होता, दुपारपासून लघवी झालेली नव्हती, आणि रक्तदाब १०० वर ९० होता. वरचा आकडा पाहून नवखा माणूस समाधान मानील. परंतु वरच्या आणि खालच्या आकड्यांतील अंतर २० किंवा त्याहून कमी होणे हे डेंग्यूत शॉकचे लक्षण धरले जाते, आणि वरचा आकडा कोसळेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो. त्याचे हिमॅटोक्रिट तोवर ५४ झाले होते. शिरेवाटे मोजूनमापून द्रव दिल्यावर तो सावरला, पण सकाळी जे सोपे होते ते रात्री अवघड झाले होते.

म्हणून पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळी शौचास होणे, लघवी कमी होणे, दम लागणे, आणि रुग्ण एकाएकी मलूल किंवा बेचैन होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ताप आहे की नाही हे न पाहता रुग्णालय गाठावे. गर्भवती, तान्ही मुले, वयोवृद्ध, तसेच मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये. माझी स्वतःची सवय अशी, की तापाचा पहिला दिवस कोणता हे मी सर्वांत आधी विचारतो आणि उशाशी एक कागद ठेवायला सांगतो. त्यावर दिवसाचा क्रमांक, किती प्यायले आणि लघवी किती वाजता झाली एवढेच लिहायचे. जागेपणी दर चार ते सहा तासांनी लघवी होत असेल, तर पोटात द्रव पुरेसे जात आहे. हा कागद ठेवायला घरातली शिकलेली मंडळी सर्वांत जास्त कंटाळा करतात आणि तापमापक मात्र दर अर्ध्या तासाने लावतात.

प्लेटलेटचा आकडा म्हणजेच आजार असे मानणे

डेंग्यूत प्लेटलेट घटणारच. आजार उताराला लागला की त्या आपोआप वाढतात, आणि त्या वेळी पोटात जे काही गेलेले असेल त्याला श्रेय मिळते. पपईच्या पानांचा रस हा त्या श्रेयाचा सर्वांत मोठा मानकरी आहे. काही छोट्या चाचण्यांत या रसाने आकडा थोडा लवकर वाढल्याचे दिसले असले, तरी त्याने शॉक टळतो किंवा मृत्यू कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. आधीच उलट्या होत असलेल्या रुग्णाला तो कडू रस आग्रहाने पाजायचा, मग उलटीतून गेलेल्या पाण्याची भरपाई सलाईनने करायची, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की त्यावर मला आता शांतपणे बोलता येत नाही.

प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी नातेवाइकांनी केलेली धावपळही बहुतेक वेळा अनाठायी असते. सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असूनही मोठा रक्तस्राव नसलेल्या रुग्णांना त्या खबरदारी म्हणून दिल्या, तेव्हा रक्तस्राव टळण्यात काही फायदा दिसला नाही, उलट दुष्परिणाम अधिक आढळले. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, आणि आकडा १० हजारांच्याही खाली गेला तर निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. पण ४० हजारांचा अहवाल हातात घेऊन रात्री रक्तपेढीच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला माझे सांगणे असते, की त्याच कागदावर हिमॅटोक्रिट किती आहे ते आधी वाचा.

औषधे आणि तपासण्यांतील घाई

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन ही औषधे डेंग्यूची नुसती शंका असली तरी घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन आधीपासून सुरू असेल, तर ते चालू ठेवायचे की थांबवायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पॅरासिटामॉल सुरक्षित असले तरी मात्रा ओलांडली की यकृताला इजा करते, आणि डेंग्यूत यकृत आधीच सुजलेले असू शकते. ताप दोन तासांत पुन्हा चढला म्हणून दुसरी गोळी घेऊ नये, अंग ओल्या फडक्याने पुसावे.

ताप चटकन उतरावा म्हणून कमरेत किंवा दंडात इंजेक्शन मागू नये. प्लेटलेट कमी असताना स्नायूत रक्त साकळते. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, आणि स्टिरॉइडचा डेंग्यूत उपयोग सिद्ध झालेला नाही.

तपासणीचा दिवस चुकला तर अहवाल दिशाभूल करतो. एनएस-१ ही प्रतिजनाची, म्हणजे विषाणूच्याच एका प्रथिनाची, तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते, तर आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने, साधारण पाचव्या दिवसानंतर सापडू लागतात. सहाव्या दिवशी एनएस-१ नकारार्थी आली म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही, आणि नुसती आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे सापडली तर तो पूर्वीच्या संसर्गाचाही पुरावा असू शकतो.

सलाईन लावले की अंगात ताकद येते, या समजुतीचे काय करावे हे मला कळत नाही. पिता येत असेल तर तोंडाने घेतलेली जलसंजीवनी सर्वांत बरी. नुसत्या साध्या पाण्यावर मात्र राहू नये, त्यातून क्षार मिळत नाहीत. कसोटीचा काळ संपल्यावर पोकळ्यांत उतरलेले द्रव आपोआप रक्तात परत येते, आणि तेव्हाही सलाईन चालूच राहिले तर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण गुदमरतो.

धूर दिसला म्हणजे डास मेले असे समजणे

वस्तीत दोन रुग्ण निघाले, की धूरफवारणीची मागणी होते, आणि यंत्रणाही ती खुशीने पुरवते, कारण धूर सर्वांना दिसतो. एडिस इजिप्ती ही डेंग्यू पसरवणारी डासाची जात माणसाच्या घरातच, पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांच्या घडीत विसावते. धुराचे यंत्र गल्लीत शिरले की लोक खिडक्या लावून घेतात, आणि डास आत सुखरूप राहतात. जे बाहेर सापडतात ते मरतात, परंतु अंडी, अळ्या आणि कोष यांना धुराने काहीच होत नाही, त्यामुळे आठवड्याभरात नवे डास हजर होतात. साथ भडकलेली असताना, घरांच्या आतपर्यंत आणि योग्य वेळी केलेली फवारणी उपयोगाची ठरू शकते. पण तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय.

पाण्याच्या बाबतीतली चूक अधिक बारीक आहे, आणि ती प्रामाणिक माणसांकडूनही होते. एका घरातील बाई दर आठवड्याला न चुकता पिंप रिकामे करत होत्या, तरी तपासणीत दर वेळी अळ्या सापडत होत्या, आणि पथकातले कर्मचारी त्यांना खोटे ठरवत होते. त्या अक्षरशः रडकुंडीला आल्या होत्या. मी रिकाम्या पिंपात विजेरी धरली, तर पाण्याच्या जुन्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूने, एक मिलिमीटरपेक्षाही लहान काळे ठिपके चिकटलेले दिसले. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या कडेलगतच्या ओलसर भिंतीवर एकेक करून चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढून त्यांना भिजवले की फुटतात. बाई पाणी ओतून देत होत्या, पण भिंत कोणी घासायला सांगितलीच नव्हती. अर्धी सूचना देऊन लोकांना दोष देणारे कर्मचारी मला उतावळ्या नातेवाइकांपेक्षाही अधिक खटकतात.

अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून भांडे आठवड्यातून एकदा पूर्ण रिते करावे, आतून काथ्याने किंवा ब्रशने कडेपर्यंत खरवडून घासावे, तळाचे शेवटचे पाणीही कोरड्या जमिनीवर ओतावे आणि मगच भरावे. अळ्या पाहताना भांड्यावर सावली पडली की त्या वळवळत तळाशी जातात, तेव्हा मिनिटभर न हलता थांबावे, त्या श्वास घ्यायला वर येतातच. रिते करता न येणाऱ्या टाक्यांना घट्ट झाकण किंवा बारीक जाळी बसवावी, उघड्या हौदात गप्पी मासे सोडावेत. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, छतावरचे टायर, वापरात नसलेल्या संडासाची टाकी ही ठिकाणे विसरतातच. एडिस बहुधा जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच वावरतो, त्यामुळे दूरच्या नाल्याला दोष देण्यापूर्वी आपले छत पाहावे.

एकदा झाला, आता होणार नाही

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या संसर्गाने त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग पुढे झाला तर तो अधिक तीव्र होण्याचा धोका असतो. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ येऊन गेली होती, आणि १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची साथ आली तेव्हा १५८ जणांचा मृत्यू झाला. लसींचे घोडेही याच ठिकाणी अडले होते. फिलिपिन्समध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना डेंगवॅक्सिया ही डेंग्यूची लस देण्यास सुरुवात झाली, आणि पूर्वी संसर्ग न झालेल्यांमध्ये या लसीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढतो असे २०१७ च्या अखेरीस ती बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केल्यावर तो कार्यक्रम थांबवावा लागला. इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे वोल्बाकिया हा, डासातल्या डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखणारा, जिवाणू असलेले डास सोडल्यावर डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या दिशेचे काम मला आशादायक वाटते. ते आपल्या गल्लीत पोहोचेपर्यंत पिंप घासण्याला सुट्टी नाही.

राहिली ती मच्छरदाणी. ती रात्री लावतात, पण एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधीच्या दोन-तीन तासांत. ताप असेपर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, त्याला चावलेला डास ८ ते १२ दिवसांत संसर्ग पसरवू लागतो आणि मरेपर्यंत पसरवत राहतो. म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीतच झोपावे.