बोटीवरचा वायरलेस, जीपीएस, मोबाईल लवकर का बिघडतो? या चुका टाळा

गेल्या हंगामात एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, वायरलेस सेट माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, पाण्याचा थेंब लागला नाही ह्याला. केबिनमध्येच होता." तो खरंच बोलत होता. सेट उघडला तर आत पाणी नव्हतंच. माइकच्या सॉकेटमध्ये मात्र हिरवी भुकटी साचली होती. ब्रशने ती झाडली, तर एक पिन जागेवर नव्हती. मोडली नव्हती, झिजून विरघळून गेली होती.

कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटींचे सेट दुरुस्त करताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न "पाणी गेलं का?" असा विचारतच नाही. "शेवटचं गोड्या पाण्याने कधी पुसलं होतं?" असं विचारतो.

खरा घात मीठ करतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. दुपारी खारे वारे सुटले की बारीक तुषार केबिनच्या फटीफटीतून आत येतात. त्यातलं पाणी उडून जातं, मीठ तिथेच बसतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलं राहतं. म्हणजे किनाऱ्यावर हा थर कधी पुरता वाळतच नाही. त्या ओलीतून बॅटरीचा करंट एका पिनेकडून दुसरीकडे झिरपत राहतो आणि प्लसच्या बाजूची पिन झिजत जाते. सेट बंद असला तरी वायरीत व्होल्टेज असेल, तर हे रात्रंदिवस चालू असतं.

कोरड्या फडक्याने पुसणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कोरडं फडकं मीठ काढत नाही, बटणांच्या फटीत ढकलतं. वर स्क्रीनवर चरे पडतात ते वेगळेच. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं आधी फिरवा, मग कोरडं. हे प्रत्येक फेरीनंतर करायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्या बोटींवर हे होतं त्यांचे सेट माझ्याकडे क्वचित येतात.

मोबाईल समुद्राच्या पाण्यात पडल्यावर

इथे घाईत एकामागून एक चुका होतात. आधी "चालू आहे का बघू" म्हणून बटण दाबतात, मग चार्जिंगला लावतात, शेवटी तांदळाच्या डब्यात खुपसतात. खाऱ्या ओलीत चार्जिंगचा करंट सोडणं म्हणजे पिना आपल्या हाताने जाळणं. तांदूळ फार तर थोडी ओल घेईल, मीठ आतच राहणार. शिवाय तांदळाची पूड चार्जिंगच्या तोंडात भरते.

फोन बंद करा. गोड्या पाण्याने बाहेरून आणि चार्जिंगचं तोंड हलकेच धुवा. पाण्याला पाणी लावायला हात धजत नाही, मला माहीत आहे, पण मीठ काढायला दुसरा उपाय नाही. मग तोंड खाली करून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा, निदान एक दिवस चार्जर लावू नका. कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ दिसली तर पाणी आत गेलंय असं समजा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे द्या. तो बॅटरी सोडवून बोर्ड 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुईल. आठवड्याने आणलात तर धुण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. बॅटरी फुगलेली किंवा गरम वाटली तर फोन घरात ठेवू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवा.

"वॉटरप्रूफ आहे" या शब्दावर विसंबू नका. वस्तूवर लिहिलेला आयपी67 हा पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात 30 मिनिटं, तीही नव्या वस्तूची चाचणी. सेटच्या मागच्या कनेक्टरचं रबरी टोपण हरवलं की तो आकडा संपला.

सेट ऐकतो, पण बोलायला गेलं की बंद पडतो

ही तक्रार घेऊन आलेले बरेच सेट धडधाकट निघतात. 25 वॅटचा व्हीएचएफ (बोटीवरचा नेहमीचा वायरलेस सेट) नुसता ऐकताना अर्धा अँपिअरही घेत नाही, माइकचं बटण दाबलं की पाच-सहा अँपिअर ओढतो. वाटेत गंजलेला एखादा जोड असेल आणि त्याचा रोध अर्धा ओहम असेल, तर ऐकताना पाव व्होल्ट पडतो, बोलताना अडीच-तीन व्होल्ट. बारा व्होल्टचे नऊ झाले की सेट बंद. मल्टिमीटर सेटच्या मागच्या वायरीवर लावा आणि बटण दाबून आकडा बघा. आकडा कोसळला तर सेट खोलू नका, बॅटरीपासून एकेक जोड तपासत या.

बहुतेक वेळा दोष पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जोडात सापडतो. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आतल्या आत काळी पडते, कळंक चढतो. बोटीसाठी कल्हई केलेली तार घ्या. जुनी तार वापरायचीच असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. जोड दाबून किंवा सोल्डर करून पक्का करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसणारी) चढवा. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन लावायचं ते घट्ट आवळून झाल्यावर, आधी नाही.

अँटेनाच्या केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, कनेक्टरपर्यंत पोचणार नाही.

आंबट वासाचं सिलिकॉन

भोक बुजवायला हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल ते सिलिकॉन आणतात. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटिक प्रकारचं. ते ॲसिड तांब्याला खातं. आतून कनेक्टर हिरवा होतो आणि बाहेरून काम एकदम चोख दिसतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या.

बंदीच्या काळात सेट बोटीवर ठेवणं

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोट वर ओढली, शाकारली, पण सेट केबिनमध्येच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, असं फार दिसतं. पिशवी बांधताना आत 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा कोंडली जाते. ती 26 अंशांपर्यंत उतरली की आत दव धरतं, आणि पावसातली एक रात्र त्याला पुरे.

सेट काढून घरी न्या. आधी बॅटरीची मायनस वायर सोडा, मग प्लस. ओल्या फडक्याने मीठ काढा, कोरडा करा, मगच घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या मण्यांसह ठेवा. मण्यांचा रंग बदलला की ते ओलीने भरले. सुटे मणी वेगळ्या जुन्या भांड्यात मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत तापवले की पुन्हा चालतात. निळ्या मण्यांत कोबाल्ट असतो, तेव्हा ते भांडं स्वयंपाकाला वापरू नका, शक्यतो नारिंगीच घ्या. हातातल्या सेटची लिथियम बॅटरी साधारण निम्मी चार्ज करून ठेवा.

बोटीवर राहिलेल्या वायरींची तोंडंही उघडी सोडू नका. प्रत्येकावर टोपण किंवा रबरी टेप चढवा आणि कुठली कशाची ते चिठ्ठीवर लिहून बांधा. नारळी पौर्णिमेच्या आसपास जोडणीची घाई असते, आणि प्लस-मायनस उलटे लागून जळालेले सेट माझ्याकडे याच दिवसांत येतात.